आधी काय दळलं होतं?

माझे दात एकमेकांवर आपटत होते आणि ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं. परळच्या हॉस्पिटलातली खुर्ची माझ्यासकट हलत होती. सिस्टरने नळीची चावी बंद केली, माझ्यावर दोन चादरी टाकल्या आणि डॉक्टरांना हाक मारली. श्वास पुरत नव्हता. मला वाटलं, संपलं. बाजूला माझी नात उभी होती, मुलाची मुलगी. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मी तिला विचारलं, "या नळीत आधी कोणाचं औषध होतं?"

"नळी नवी आहे ग आजी. माझ्यासमोर पाकीट फोडलं."

"मग बाटलीत घाण आहे."

माझ्या मानेत आणि काखेत गाठी आल्या होत्या. कॅन्सरच्या. त्यावर हे औषध होतं, सलाईनसारखं थेंब थेंब शिरेत सोडायचं. ते जिवंत पेशींकडून बनवून घेतात, असं नातीने सांगितलं होतं. तेव्हाच मला ते आवडलं नव्हतं.

थंडी उतरल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिल्या वेळी काहींना असं होतं. आता हळू सोडू."

मी म्हटलं, "आज नको. पुढेही नको."

शेजारच्या खुर्चीवर माझगावची एक बाई होती. तिलाही हेच औषध चालू होतं आणि ती चहात बिस्किट बुडवत होती. "मावशी, मला पण पहिल्यांदा असंच झालेलं. आता बघा."

"तुम्ही प्या चहा," मी म्हटलं. कोणाला काय सांगायला बसवलं असेल, सांगता येत नाही.

निघताना डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, आठवड्याने या. औषध घेतलं नाही तर गाठी वाढत जातील, मग त्यांच्याकडेही इलाज नाही.

संशय मला नातीचा आला. ती औषधाच्या कंपनीत लागली होती आणि असलीच औषधं साफ करायचं काम शिकत होती. टॅक्सीत मी विचारलं, "तुमच्याकडचं होतं का ते?"

"नाही. दुसऱ्या कंपनीचं."

"तू तेच सांगणार."

ती खिडकीबाहेर बघत बसली. एरवी ती पोरगी झोपेत पण बोलते. त्या दिवसापासून गप्प. फोन आला की गॅलरीत जायची आणि मागे दार लोटून घ्यायची. आमच्या चाळीत दार लोटून बोलण्यासारखं कोणाकडे काही नसतं. मी दाराला कान लावला. "मी सांगितलं ना सर, चूक माझीच," एवढं ऐकू आलं.

रविवारी मी गव्हाचा डबा तिच्या डोक्यावर दिला आणि लालबागच्या चक्कीवर घेऊन गेले. तिथे गेलं की डबा खाली ठेवायच्या आधी विचारायचं, आधी काय दळलं? बाजरी किंवा चणे दळले असतील तर आपण पुढे व्हायचं नाही. दुसरीचे गहू आधी जाऊ द्यायचे, म्हणजे जात्यात उरलेलं सगळं तिच्या पिठात जातं. हे सगळ्याच बायकांना माहीत. त्यामुळे सगळ्याच डबे घेऊन गप्पा मारत उभ्या राहतात आणि पुढे कोणी होत नाही.

"आजी, ज्वारी झाली. टाकू का?" चक्कीवाल्याने विचारलं.

"थांब जरा."

मग मी नातीकडे वळले. "तुमच्या मशीनमध्ये आधी काय दळतात गो?"

आठवड्यात पहिल्यांदा ती हसली. म्हणाली, "आमच्याकडे काचेच्या उभ्या नळ्या असतात, आजी. आत साबुदाण्याहून कितीतरी बारीक मणी. वरून पेशींचं पाणी सोडायचं. औषध मण्यांना चिकटतं, घाण खालून निघून जाते. मग आंबट पाणी सोडलं की मणी औषध सोडतात."

"आणि मशीन बंद कधी करता?"

"तेच तर शिकतेय. बंद करायचं नाही. तीन नळ्या एकामागे एक लावायच्या. पहिली भरत आली की जे औषध निसटतं ते दुसरी पकडते. पहिली पूर्ण भरली की तिला रांगेतून काढायची, औषध सोडवून घ्यायचं, धुवायची आणि सगळ्यात मागे लावायची. तोवर दुसरी पुढे आलेली असते."

"म्हणजे सांडलेलं परत भरता."

"सांडलेलं नाही ग. निसटलेलं."

"आणि तीच नळी परत परत वापरता. धुतली की नाही कोण बघतं?"

तिने डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं. मला वाटलं, सापडली. मागे चक्की रिकामी घरघरत होती.

"मी नाही धुतली," ती म्हणाली.

"काय?"

"तुला थंडी वाजली त्याच आठवड्यात. शिकण्यासाठी नळ्या हाताने बदलायला दिल्या होत्या. दुसरी पण भरत आली, मी घाबरले. पहिली कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुवायची राहिली आणि तशीच रांगेत लावली. मग सरांना जाऊन सांगितलं."

"आणि त्यातलं औषध?"

"कोणाला देणार नव्हतेच, शिकायचंच होतं. तरी सगळं फेकलं. मला परत पहिल्यापासून करून दाखवायचंय. जमलं नाही तर या कामावरून काढतील."

"आणि हे तू मला आज सांगतेस? मला उद्या परत हॉस्पिटलात बोलावलंय."

"तू विचारलंस म्हणून सांगितलं."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. मला फसवून त्या खुर्चीत बसवायचं असतं, तर ही गोष्ट तिने मेली तरी सांगितली नसती. माझगावच्या बाईवर नाही, डॉक्टरीणबाईंवर नाही, माझा विश्वास बसला तो एवढ्यावरच. या धंद्यात चुका होतात हे तर मला माहीतच होतं. चूक झालेलं फेकतात, हे माहीत नव्हतं. चक्कीवाल्याने आजवर पसाभर पीठ फेकलेलं मी बघितलेलं नाही.

"आजी, टाकताय का जाताय?" तो ओरडला.

मी गहू ज्वारीवरच टाकले. उभं राहायची ताकद संपली होती. बाकीच्या बायका खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरला सांगितलं, "पाकीट माझ्यासमोर फोड."

"पोलीस आहात का आजी?" म्हणाली, पण समोर फोडलं. औषध अगदी हळू सोडलं. मी नातीचा हात धरला नाही, थेंबांवर नजर ठेवली. थोडी थंडी वाजली आणि गेली.

नातीने नळ्यांचं काम परत करून दाखवलं आणि तिला ठेवून घेतलं. माझे सगळे डोस झाले. गाठी गेल्या. मधेच कधीतरी शेजारच्या खुर्चीवर माझगावच्या बाईऐवजी दुसरंच कोणी बसायला लागलं. सिस्टर म्हणाली, तिचा आजार फार पुढे गेला होता.

घरी येऊन मी नातीला विचारलं, "औषध तेच ना दोघींना?"

"तेच."

"मग?"

"माहीत नाही, आजी."

हेही खरंच असणार. मी वाचले. माझगावची बाई वाचली नाही.