मिरचीच्या पथारीत विमान

बायकोला जाऊन तीन महिने झाले. भेटायला येणारे तिच्या आजाराविषयी विचारतात. मला मात्र कोरीट गावातल्या आमच्या शेतातली एक सकाळ सांगावीशी वाटते.

आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात ती माझ्या वडिलांशी, आबांशी, एक शब्द बोलली नव्हती. सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही, ही घरची रीत. आबांना जेवायला बोलवायचं तर दाराआडून बांगड्या वाजवायची. बाकी निरोप माझ्यामार्फत.

त्या सकाळी ती आणि इतर बायका पथारीवर, म्हणजे मिरच्या सुकवायच्या मोकळ्या जागेत, वाळत घातलेल्या लाल मिरच्या हलवत होत्या. एक छोटं विमान आचके देत खाली आलं, मिरच्यांत शिरलं आणि उलटं झालं. सुरतेचा एक शेठ हौसेने स्वतःचं विमान घेऊन एकटाच निघाला होता. पट्ट्यांना उलटा लोंबकळत तो शिंकत होता. मिरचीच्या धुरळ्यात आम्हीही सगळे शिंकत होतो.

"विमानथी बच्यो, हवे मरचांथी मरीश!" तो गुजरातीत ओरडला, विमानातून वाचलो, आता मिरच्यांनी मरणार. बायकांना हसू आवरेना.

मी त्याला खांद्यांखाली धरलं. ती विळ्याने पट्टे कापू लागली. टाकीतून पेट्रोल गळत होतं, आणि बांधावरून आबा धावत आले ते ओठांत पेटती बिडी घेऊनच. तिने माझ्याकडे पाहिलं. मला शिंकांपुढे बोलता येईना.

"आबा, बिडी फेकी द्या! पेट्रोल गळी ऱ्हायनं! जळी मरसूत सगळा!" ती थेट आबांवरच ओरडली.

आबा थबकले. बिडी पाटाच्या पाण्यात गेली. शेवटचा पट्टा तुटला आणि शेठ आमच्या अंगावर कोसळला. मनगट मोडलेलं, तरी हसत होता.

बैलगाडी त्याला नंदुरबारला घेऊन गेली, तेव्हा कुठे तिला आपण काय केलं ते कळलं. पदर हनुवटीपर्यंत ओढून ती मला म्हणाली, "आते माले माहेरले धाडी देतीन."

आबा आले. तिच्याकडे न बघता, मोडक्या पंखाकडे बघत मला म्हणाले, "सूनले इचार, इतला मोठा आवाज दोन वरीस कोठे ठेयेल व्हता?"

मी निरोप द्यायला वळलो, तोच पदराआडून उत्तर आलं, "तुमनाच घरमा व्हता, आबा."

आबा हसले, हसता हसता शिंकले. मग कोणत्या मिरच्या वेचायच्या आणि कोणत्या टाकायच्या, हे दोघं मिळून मला सांगू लागले.