कारंज्यावरच्या बाईचा साचा

मोठ्या माणसांच्या नाकपुड्यांना साबण लावण्यात आपलं आयुष्य गेलं, असं माझी मावशी म्हणते. संग्रहालयाच्या तळघरात साच्यांची खोली आहे, तिथे ती काम करते. वरच्या दालनांतले पुतळे शाळांना, चित्रकलेच्या वर्गांना हवे असतात. मावशी साच्यात प्लास्टर ओतून त्यांच्या प्रती काढून देते. ओतण्याआधी साच्याला आतून साबणाचा आणि तेलाचा हात फिरवावा लागतो, नाहीतर प्लास्टर प्लास्टरला धरून बसतं आणि प्रत काढताना सेनापतीचं नाक साच्यातच राहतं.

सेनापती, वैद्य, कवी, पूल बांधणारा इंजिनिअर, सगळे तिच्या हाताखालून गेलेत. कुणाचं चरित्र सांगायचं तर ती कपाळापासून सुरुवात करते. इंजिनिअरच्या उजव्या भुवईवर खोक आहे. शिल्पकाराने ती झाकली नाही आणि इंजिनिअरनेही झाकायला सांगितली नाही, अशा माणसाचा पूल टिकतो, असा तिचा हिशोब. बिघडलेल्या प्रती ती घरी आणते. काका म्हणतात, आमच्या घरात माणसं दोन आणि डोकी डझनभर, पण बाजारातून काय आणायचं ते एकाच्याही लक्षात राहत नाही. ते सेनापतीवर आपली टोपी ठेवतात.

पण तिचा जीव होता तो कारंज्यावरच्या बाईवर. नोकरीच्या पहिल्या वर्षी कारंज्याची दुरुस्ती निघाली आणि वरची दगडी मूर्ती खाली उतरवली गेली. तेव्हा तिच्या डोक्याचा साचा मावशीने केला. तिचा पहिला साचा. तुकड्यातुकड्यांचा, कारण कानामागे आणि हनुवटीखाली प्लास्टर अडकतं. प्रत्येक तुकडा वेगळा सुटायला हवा, पुन्हा बसला की सांधा दिसता कामा नये.

त्या बाईचा इतिहास गावात सगळ्यांना थोडाथोडा माहीत आहे. नळाचं पाणी पहिल्यांदा आलं तेव्हा चौकात कारंजं बांधलं. वर घागर कलती धरलेली बाई हवी, असं ठरलं. काम मिळालं एका विशीतल्या शिल्पकाराला, कारण तो स्वस्तात तयार झाला. ठरवणाऱ्यांना हसरी बाई हवी होती. त्याने केली ती हसत नव्हती. कालपरवापर्यंत नदीवरून पाणी वाहणारी बाई एका नळासाठी काय म्हणून हसेल, असं तो म्हणाला म्हणे. दुसरी मूर्ती करून घ्यायला पैसे नव्हते, म्हणून चौथरा उंच केला. खालून पाहणाऱ्याला हनुवटी आणि घागरीचं बूड, एवढंच दिसायचं. फोटोतही तेवढंच. चेहरा लोकांना ठाऊक झाला तो मावशीच्या प्रतींमुळे. शाळाशाळांत, दवाखान्यात, पोस्टाच्या जिन्यात ती बाई आहे.

तो शिल्पकार पुढे फार मोठा झाला. दूरदूरच्या राजधान्यांत त्याची कामं उभी आहेत. मावशीने त्याच्या मुलाखती वाचून त्याच्याकडून बरंच उचललं. तो सकाळी पहिला तास हत्यारांना धार लावण्यात घालवतो, हे वाचल्यापासून तीही पहिला तास साचे पुसण्यात घालवू लागली. काका म्हणायचे, त्याने धार लावली तर नाव झालं, तू पुसतेस तर निदान पगार वाढू दे.

गेल्या वर्षी वादळात चौकातलं झाड पडलं. फांदीने मूर्तीचं डोकं उडालं आणि कारंज्याच्या काठावर आपटून त्याचा चुरा झाला. शिल्पकाराला निरोप गेला. तो आला, काठी टेकत तळघराच्या पायऱ्या उतरला, आणि बसायच्या आधीच म्हणाला की नवं डोकं करीन. तेव्हा मला चेहरा येत नव्हता, आता येतो.

साच्यांच्या खोलीचा एक जुना नियम आहे. मूळ मूर्ती बदलली की जुना साचा फोडायचा, म्हणजे जगात खोट्या प्रती हिंडत नाहीत. नवं डोकं म्हणजे मावशीच्या साच्यावर हातोडा. तिने तेवढंच मागितलं, की आधी एक प्रत काढून दाखवते, ती बघा, मग ठरवा.

"बाई, जुन्या कामाचा लळा लावून घेऊ नये," तो म्हणाला. "मी लावून घेतला असता तर अजून कारंजीच करत बसलो असतो."

पण तो थांबला.

प्रत निघाली त्या सकाळी मी तिथे होते. मावशीने एकेक तुकडा सोडवला. आधी कान, मग गाल, शेवटी कपाळ. सांधे खरवडले आणि डोकं खिडकीकडे वळवलं. शांत, थोडा थकलेला चेहरा, आम्ही लहानपणापासून पाहत आलो तोच. शिल्पकार वाकून जवळ आला. मग त्याने दोन भुवयांच्या मध्ये बोट ठेवलं.

"इथे आठी होती," तो म्हणाला. "खोल. मी तिला रागावलेली केली होती."

मावशी म्हणाली, नाही, साच्यात आहे तशीच उतरली आहे. तिने कपाळाचा तुकडा उचलून उजेडात धरला. दगडातली आठी साच्यात उंचवटा होऊन उतरते. तो उंचवटा असायला हवा तिथे तिचा अंगठा फिरला आणि थांबला. जागा गुळगुळीत होती. इतकी वर्षं प्रत्येक प्रतीआधी साबण, तेल, रोज सकाळी फडकं, यातून तो उंचवटा थोडाथोडा झिजून गेला होता. ती प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीशी ताडून पाहायची. दगड वर चौथऱ्यावर होता, त्याच्याशी कोण ताडणार? अगदी सुरुवातीची एक प्रत नंतर मुलींच्या शाळेत सापडली, पण तिच्यावर दर वर्षी ऑइलपेंट फासून नाकसुद्धा बुजत आलं होतं.

ती स्टुलावर बसली. चांगलं पुसत होते, एवढंच म्हणाली.

शिल्पकार मात्र डोक्याभोवती फिरून आला आणि हसला. ही माझ्या बाईपेक्षा शहाणी आहे, म्हणाला. हीच दगडात उतरवू. संग्रहालयाच्या प्रमुखांना तर हवंच होतं, गाव हाच चेहरा ओळखतं. चौथऱ्यावर शिल्पकाराच्या नावाखाली मावशीचं नाव कोरायचं, असंही ते बोलून गेले. साचा राहणार होता. तिला जे हवं होतं ते सगळं, न मागितलेलं नावसुद्धा, समोर आलं होतं.

घरी काकांनी नावाची बातमी ऐकून सेनापतीच्या डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्यासमोर कमरेत वाकले. ती हसली नाही. भाजी निवडताना देठ ताटात आणि पानं कचऱ्यात टाकत राहिली. काकांनी पानं परत वेचली.

दुसऱ्या दिवशी शिल्पकार आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"सर, ही वर नको," ती म्हणाली.

"कालपर्यंत तर तुम्हीच हिच्यासाठी भांडत होतात."

"कालपर्यंत मला वाटत होतं, ही तुमची आहे. हिच्यात माझा हात आहे. माझं काम दुसऱ्याचं जसंच्या तसं देणं. ते बिघडलं. बिघडून छान झालं असेल, पण त्या बाईला राग आला होता ना? मग तो मी पुसायचा नव्हता."

तो म्हणाला की मग आठी परत कोरतो. तिने प्लास्टर पुढे केलं. त्याने कोरलं, भरलं, पुन्हा कोरलं. आठी पडत होती, राग येत नव्हता. दुपारी त्याने हत्यार खाली ठेवलं आणि म्हणाला, त्या वयातला राग आता माझ्याकडेही नाही.

"मग आज जे आहे ते करा," मावशी म्हणाली. "तुमच्या हातचं असू दे."

त्याने नवं डोकं केलं. त्याला तीन महिने लागले. तेवढ्या काळात मावशी एकदाही ते बघायला गेली नाही. काम झाल्याचा निरोप आला तेव्हा तिने साचा टेबलावर मांडला, तुकडा तुकडा फडक्यात गुंडाळला आणि स्वतः हातोडा मारला. प्रमुख म्हणत होते की एवढा एक ठेवू, कुणाला कळणार नाही. तिने मान हलवली. शाळाशाळांतल्या प्रती तिच्या हातात नव्हत्या, साचा होता.

मी मोठ्या माणसांची चरित्रं पुष्कळ वाचली आहेत. त्यांनी काय मिळवलं ते त्यांत असतं. हातात आलेलं कुणी परत दिल्याचं मला फारसं आठवत नाही.

नवं डोकं वर चढवण्याआधी साच्यासाठी खाली आणलं. म्हातारी बाई होती ती. ओठ मिटलेले, डोळे दूर कुठेतरी. राग नव्हता, समाधानही नव्हतं. शिल्पकार काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. एवढं नाव कमावलेला माणूस, पण निकाल ऐकायला आल्यासारखा दिसत होता. त्याने विचारलं, कशी वाटते?

मावशीने तिच्याभोवती सावकाश एक फेरी मारली.

"अजून ओळख व्हायची आहे," ती म्हणाली. मग बाह्या वर सारल्या, वाटीत साबण घेतला आणि नव्या बाईच्या नाकपुडीपासून सुरुवात केली.