टाचेखालचा कागद

पेशंट त्या फिजिओथेरपिस्ट बाईंना कागदवाली ताई म्हणत. घोटा आखडलेला माणूस आला की ती आधी अंगठ्यांनी घोट्यापुढचं हाड दाबत दाबत घोटा सैल करी. मग त्याला भिंतीपुढे उभं करून टाचेखाली कागद सरकवी आणि म्हणे, "गुडघा भिंतीला लाव." कागद ओढल्यावर सुटून आला, तर टाच उचलली, घोटा अजून वाकत नाही. "माणूस खोटं बोलेल, कागद बोलणार नाही," हे ती वीस वर्षं ऐकवत होती. ऐकणाऱ्यांचे कान किटले, हिची हौस फिटली नाही.

त्या सकाळी रंगारी आला. प्लास्टर निघून तीन महिने झाले, तरी घोटा लाकूड. आज शिडी चढला नाही तर मुकादम दुसरा माणूस घेणार होता. तिने घोटा सैल केला, आधार म्हणून टेप ताणून लावला आणि कागद सरकवला. टेपने खाज येते म्हणून तो जरा वाकला. मग गुडघा भिंतीला टेकला आणि कागद जागचा हलला नाही.

"जा, चढ बिनधास्त," ती म्हणाली. तो बूट चढवून पळालाही.

आवरताना कागद सापडेना. टेबलाखाली नाही, केरात नाही. तेव्हा तिला आठवलं. नेहमी ती आधी तपासून मग टेप लावी. आज घाईत उलट झालं होतं. कागद टेपलाच चिकटला असला तर तो सुटणार कसा? फोन लावला, तो उचलेना. पुढच्या पेशंटला "आलेच" म्हणून ती सपाता घालूनच त्याच्या कामाच्या इमारतीकडे धावत सुटली.

तो दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी होता. हाक ओठांवर आली, ती तिने गिळली. दचकून खाली पाहिलं असतं तर संपलंच. तिने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. थोड्या वेळाने तो आपणच उतरू लागला, तेव्हा प्रत्येक पायरीवर त्याचा डावा पाय नुसत्या चवड्यावर टेकत होता.

तो जमिनीवर आला तशी ती म्हणाली, "बूट काढ."

कागद टाचेलाच होता, टेपच्या एका तुकड्याने चिकटवलेला. तुकडा दातांनी तोडलेला होता. ती नेहमी कात्रीने कापायची.

"हे कधी केलंस?"

"तुकडा आधीच तोडून ठेवला होता, खाजवायला वाकलो तेव्हा चिकटवला," तो मान खाली घालून म्हणाला. "तुम्ही नको म्हणाला असता, ताई."

"म्हणालेच असते! मेला असतास की रे!"

तेवढ्यात मुकादम आला. "काय भानगड आहे?"

रंगाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तपासण्यात माझी चूक झाली," ती म्हणाली. "महिनाभर ह्याला खालच्या भिंती द्या. मग मी स्वतः आणून शिडीवर चढवते."

मुकादम कुरकुरला, पण हो म्हणाला. ताईने आपल्यासाठी खोटं सांगितलं असं रंगाऱ्याला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले. तिने खोटं सांगितलं नव्हतं. कागदावर भिस्त ठेवून तिने टाचेकडे बघणंच कधीचं सोडून दिलं होतं.