सीटवर डाग नाही

वडिलांनी कधीच विकून टाकलेली आमची जुनी अमेरिकन गाडी कोल्हापुरात पुन्हा विकायला आली आहे असं कळलं, म्हणून बघायला गेले. नवा रंग, चकचकीत बंपर, अगदी नटवून उभी केलेली. बघताक्षणीच डोक्यात तिडीक गेली.

"या ताई," विकणारा म्हणाला. "अस्सल फॅमिली गाडी. सगळं घर मावतंय बघा आत."

मावायचं खरं. पुढच्या लांबलचक सीटवर वडील, आजोबा आणि काका. मागे आम्ही पोरं, जेवणाचे डबे आणि दाराला चिकटून आई. दसऱ्याला झेंडूचा हार घालून आई ह्या पत्र्याला ओवाळायची. तिला मात्र कुणी कधी ओवाळल्याचं मला आठवत नाही. वस्तूंवर जीव टाकणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. त्यांची सगळी माया पुसायच्या फडक्यात असते. गाडीत बसलेल्या जिवापर्यंत ती पोचतच नाही.

आईला गाडी लागायची. आंबा घाटात ती हळूच म्हणायची, "अहो, जरा थांबता का?" वडील आरशातून बघत म्हणायचे, "सीट खराब करू नकोस." गाडी काही थांबायची नाही.

विकणाऱ्यानं मागचं दार उघडलं. "सीट मात्र मूळचीच ठेवलीय. एवढ्या वर्षांत एक डाग नाही. मालकानं लई जपली असणार."

"मालकानं नाही, माझ्या आईनं," मी म्हटलं. "ती पदरात ओकायची."