गजू नावाची सेव्ह फाइल

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. कुणाच्या अंगात आलं की मी आधी हिमोग्लोबिन तपासा म्हणते, त्यामुळे नातेवाइकांत माझं नाव फारसं चांगलं नाही. इथे लोक लिहितात ते चकव्याचे, हडळीचे अनुभव मी चहासोबत वाचते आणि मनात म्हणते, लोकांना झोप कमी पडते. तरी आज स्वतःच लिहायला बसलेय... कारण इतकी वर्षं झाली तरी मला याचा छडा लागलेला नाही. आणि खरं सांगू? राग पण गेलेला नाही.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूल आणि सिंदेवाही या दोन गावांच्या मधलं, डांबरी रस्ता सोडून दोन किलोमीटर आत. धानाची शेती, गावाला लागून तलाव, पलीकडे जंगल. घरात आई, बाबा, मी आणि माझा मोठा भाऊ गजू. साल अठ्ठ्याण्णव. गजूभाऊची बारावी झालेली, मी दहावीत. काका गडचांदूरला नोकरीला होते. त्यांच्या ऑफिसात मोडीत निघालेला एक 486 कम्प्युटर त्यांनी पोत्यात गुंडाळून आमच्याकडे आणून दिला. गावातला पहिलाच. पहिले आठ दिवस लोक नुसता पडदा बघायला यायचे.

त्यात काकांनी फ्लॉपीवरून एक गेम टाकून दिला होता. जादूगाराचा. समोर फक्त आपला हात आणि हातातली काठी दिसायची, काठीच्या टोकातून निळी आग सुटायची. दगडी भुयारं, पंखवाले राक्षस, कुठल्या कुठे उघडणारी दारं. आम्ही दोघं एकाच स्टुलावर अर्धे अर्धे बसून खेळायचो. बाण असलेली बटणं गजूभाऊची, म्हणजे चालणं-वळणं-दार उघडणं त्याचं. कंट्रोलचं बटण माझं, म्हणजे आग सोडणं माझं. त्याला नेम धरता येत नव्हता आणि मला धड वळता येत नव्हतं. भिंतीला नाक घासत उभी राहायचे!

आमच्या घरी रोवण्याचा, म्हणजे भातलावणीचा, एक नियम होता. बांधीत, चिखल केलेल्या वाफ्यात, मी धान रोवायचे आणि गजूभाऊ पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या माझ्यामागे फेकत यायचा. ज्या जोडीनं बांधी धरली, त्याच जोडीनं ती संपवायची, मध्येच एकानं उठायचं नाही. तोच नियम आम्ही गेमला लावला. एकट्यानं खेळायचं नाही. सेव्ह करतानाही नाव टाकायचो — VANDI GAJU.

गजूभाऊ पुढं शिकायला नागपूरला जाणार, हे नक्की होतं. कधी, ते नव्हतं. मला रोज त्याचीच धास्ती. एकदा खेळता खेळता विचारलं, "भाऊ, सांगून जाशीन ना?"

"काऊन वं? तुले न सांगता जाईन काय मी? गेम संपवू, मंग जाईन."

मी निश्चिंत झाले. एवढी मोठी झाले होते तरी अक्कल बघा माझी.

रोवणा सुरू झाला आणि बाबांनी कम्प्युटरला कुलूप घातलं. जुन्या कॅबिनेटला गोल चावीचं कुलूप असायचं, ते फिरवलं की कीबोर्ड बंद. चावी बाबांच्या करगोट्याला. दिवसभर सगळं घर बांधीत, दाराला बाहेरून कुलूप. संध्याकाळी जेवणाआधी एक तास बाबा चावी द्यायचे.

त्या सोमवारी आम्ही गेम उघडला. यादीत आमच्या सेव्हखाली एक नवीन सेव्ह होती. नुसती GAJU.

उघडून पाहिलं तर आमच्यापेक्षा एक अख्खं भुयार पुढं.

"तू माह्याशिवाय खेळला," मी म्हटलं.

"आईच्यान नाई खेळलो!"

"मंग हे कोनं केलं? माह्या बुढ्यानं?"

त्याचा चेहरा साफ उतरला होता. मला वाटलं, चोर सापडला. मी बाबांकडे गेले. बाबा म्हणाले, "चाबी कंबरेलेच हाय ना वं माह्या. अन् तो दिवसभर तुह्या मांगंच तं होता." ते खरंच होतं. पण राग आला की खरं ऐकू येतं का माणसाला? गजूभाऊनं मग स्वतःच गेम बंद करून DIR टाइप केलं आणि यादीत ती फाइल सेव्ह झाल्याची वेळ दाखवली. सकाळचे अकरा चाळीस. त्या वेळी आम्ही दोघं शेताच्या धुऱ्यावर बसून भाकर खात होतो. घड्याळ चुकीचं असेल, मान्य. पण फाइल तर होती!

मग मी नीट पाहिलं. काठीतली आग पूर्ण शंभर. एकदाही सोडलेली नाही. मागं वळून पाहिलं तर सगळे राक्षस जिवंत. आणि जीव उरलेला फक्त नऊ. जो कोणी खेळला होता, तो नुसता चालत गेला होता... मार खात, दारं उघडत, वळत. गजूभाऊला जेवढं येत होतं, तेवढंच.

मी ती फाइल पुसून टाकली.

मंगळवारी संध्याकाळी ती परत होती. आणखी एक भुयार पुढं. आग शंभर, जीव सहा.

बुधवारी सकाळी मी कीबोर्डची वायर काढली, अख्खा कीबोर्ड तांदळाच्या कोठीत खुपसला, कुणालाही सांगितलं नाही. बांधीत गजूभाऊशी एक शब्द बोलले नाही. तो पेंढ्या फेकत होता, मी रोवत होते. दुपारी तो म्हणाला, "वंदे, बोल ना वं." मी मान वर केली नाही.

संध्याकाळी मी कोठीतून कीबोर्ड काढून, तांदूळ झटकून जोडला. गजूभाऊ म्हणाला, "नको उघडू आज." मी उघडलं. GAJU. शेवटचं दार ओलांडलेलं, बाहेर मोकळं माळरान. आग शंभर. जीव एक.

तो उठून बाहेर गेला.

गुरुवारी मी उठले तेव्हा त्याचं अंथरूण गुंडाळलेलं होतं. आई चुलीपाशी. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सकायच्या बसनं गेला नागपूरले. आठ दिवस झाले कालेजचा कागद येऊन. रोवना अर्ध्यावर असताना निरोप घेऊ नाई म्हनते, म्हून नाई सांगितलं तुले."

असला नियम मी आधीही कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. आईला ठाऊक होतं, बाबांना ठाऊक होतं. आठ दिवस तिघं माझ्यासमोर जेवत होते. मी बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "तू रडली असती." मग काय, रडू नव्हते शकत का मी? माझाच भाऊ होता ना?

राहिलेली बांधी मी त्या दिवशी एकटीनं रोवली. पेंढ्या मीच आणायच्या, मीच रोवायच्या. संध्याकाळी गेम उघडला तर नवीन काही नव्हतं. नंतरही कधी झालं नाही. दिवाळीपर्यंत हार्ड डिस्क गेली, काका कम्प्युटर परत घेऊन गेले.

पुढं कम्प्युटर शिकलेल्या दोघा-तिघांना विचारलं. कुणी म्हणालं व्हायरस, कुणी म्हणालं जुनी फाइल वर आली असेल. एकट्या गजूच्या नावाची जुनी फाइल कधी नव्हतीच, हे त्यांना पटत नाही.

गेल्या वर्षी भाऊबीजेला गजूभाऊ चंद्रपूरला माझ्याकडे आला. केस पांढरे झालेत. ओवाळून झाल्यावर मी विचारलंच.

"गेमचं राहू दे. तू काऊन नाई सांगितलं?"

त्यानं ताट बाजूला सरकवलं. "तू रडली असती तं मी गेलो नसतो, वंदे."

"मंग ते मले ठरवू द्यायचं होतं ना."



बंद घरात, कुलूप लावलेल्या कम्प्युटरवर ते कोण खेळलं, मला माहीत नाही. कळेल असंही वाटत नाही. एवढंच माहीत आहे की तो जाणार हे मला तीन दिवस आधी कोणीतरी सांगत होतं... आणि ते माझ्या घरातलं कोणीच नव्हतं.