दोन सायकली आणि एक चुकलेली वेलांटी

बत्तीस वर्षं पोलीस खात्यात काढली. खून, दरोडे, फसवणूक, सगळं हाताळलं. तरी नातेवाइकांत कुणी 'एखादी केस सांगा' म्हटलं की माझ्या तोंडून आधी दोन सायकलींची गोष्ट बाहेर पडते. बायको म्हणते, एवढ्या नोकरीत तुम्हाला सांगण्यासारख्या सायकलीच सापडल्या का? पण निवृत्तीच्या तोंडावर त्या केसनं माझा कान धरला, म्हणून ती लिहून ठेवतो. नावं कुणाचीच देत नाही.

तेव्हा मी पेठांच्या भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. एका सकाळी हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदारानं फोन जोडून दिला. नारायण पेठेतला एक सायकल कारागीर बोलत होता.

"साहेब, शनिवार पेठेतल्या आजोबांच्या दोन सायकली गेल्या होत्या. तुमच्याकडे तक्रार आहे बघा. त्या आत्ता माझ्यासमोर उभ्या आहेत."

"त्याच कशावरून?"

"माझ्याकडे आलेल्या प्रत्येक चांगल्या सायकलीचा खालचा नंबर मी वहीत लिहितो. आजोबा त्या माझ्याकडेच आणायचे. दोन्ही नंबर जुळतात. काल एक नवरा-बायको सर्व्हिसिंगला टाकून गेलेत. संध्याकाळी न्यायला येणार."

"त्यांना काही बोललात?"

"नाही. माणसं चांगली वाटली. म्हणून तर तुम्हाला फोन करायला दोन तास लावले."

तक्रार मला आठवत होती. खाली वळलेल्या हँडलच्या, बारीक टायरच्या दोन हलक्या सायकली. तरुण मंडळी त्यांना रोडबाइक म्हणतात. आजोबांचा मुलगा आणि सून परदेशी गेले, सायकली सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहिल्या आणि एक दिवस दिसेनाशा झाल्या.

संध्याकाळी तपास पथकानं दुकानातच पंचनामा करून सायकली ताब्यात घेतल्या. हवालदार सांगत होता की त्या बाईंनी सीटवरचा हात बराच वेळ काढलाच नाही. नवरा मात्र पंचांना सारखा विचारत होता, "टेम्पोत आडव्या टाकणार नाही ना?"

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला नोटीस देऊन बोलावलं. महिलेला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पण त्या आपणहून त्याच्याबरोबर आल्या. दोघंही चंद्रपूरकडचे. तो एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा, ती रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. लग्नाला दीड वर्ष झालेलं. कात्रजला एका खोलीचं भाड्याचं घर.

माझ्या मनात केस जवळजवळ लिहून झाली होती. चोरीचा माल निम्म्याहून कमी भावात घेणारी माणसं बहुधा जाणून-बुजून घेतात, हा माझा अनुभव. मी त्याला केबिनमध्ये उभंच ठेवलं. तिला शेजारच्या खोलीत महिला हवालदारांपुढे बसवलं. दोघांना वेगळं करून तेच प्रश्न विचारायचे, ही आमची जुनी पद्धत.

तो म्हणाला, सायकलींचं तिच्या डोक्यात होतं. ती म्हणाली, त्यानंच तीन महिने तक्ता केला होता. कुठल्या कंपनीची सायकल, किती गिअर, वजन किती, आणि शेवटच्या रकान्यात 'परवडत नाही'. तो म्हणाला, विकणाऱ्यानं चहा पाजला. ती म्हणाली, कुठला चहा, पाणीसुद्धा विचारलं नाही. भाव मी पाडला, असं तो म्हणाला. तिनं सांगितलं की त्यानं तोंडही उघडलं नव्हतं, सगळं मीच बोलले.

महिला हवालदार माझ्यापेक्षा अनुभवानं लहान, पण संसारानं मोठ्या. दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "सर, ही माणसं खरं बोलतायत. पढवून आलेल्या जोडप्याचा जबाब शब्दाला शब्द जुळतो. खऱ्या नवरा-बायकोचा कधी जुळलाय?"

मला ते पटलं. घरी मला स्वतःला रोज तोच अनुभव येत होता.

मग दोघांना समोर बसवलं. सगळी हकीकत सरळ होती. त्याच्या ऑफिसमधली मुलं रविवारी सायकलनं कात्रज घाट चढून जात. यांनाही जायचं होतं. ती लहानपणी रोज शेजारच्या गावाला सायकलनं शाळेत जायची, त्यामुळे घाटाची भीती तिला नव्हतीच, त्यालाच होती. नव्या दोन सायकली आवाक्यात येईनात. मग एका संकेतस्थळावर जाहिरात दिसली. विकणारा कॅनडाला निघाला होता म्हणे. 'तुमच्यासारख्या जोडप्याच्या हाती गेल्या की मला समाधान', असंही तो म्हणाला होता.

मी तिला विचारलं, "इतक्या स्वस्त कशा, हा प्रश्न नाही पडला?"

ती खाली बघत म्हणाली, "पडला होता सर. पण उत्तर नको होतं. तीन महिने नुसतं दुकानांच्या काचेतून बघत होतो आम्ही."

ठाण्यात बसून इतकं खरं उत्तर मी फार थोड्या वेळा ऐकलं आहे. आरोपी तर सोडाच, फिर्यादीसुद्धा असं बोलत नाहीत.

विकणाऱ्याचा फोन बंद होता. सिमकार्ड भलत्याच माणसाच्या नावावर निघालं. तपास तिथंच अडला असता, पण त्या बाईंना प्रयोगशाळेची सवय. नाव, तारीख, सही असल्याशिवाय त्या कुठलाही नमुना हातात घेत नसत. सायकली घेतानाही त्यांनी पावती मागितली होती. त्या माणसानं कुरकुर करत खिशातला एक चुरगळलेला कागद काढला, त्याच्या कोऱ्या बाजूला 'दोन सायकली विकल्या, पैसे मिळाले' असं खरडलं आणि खाली खोट्या नावाची सही ठोकली. तो कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये जपून ठेवला होता.

कागद उलटून पाहिला. मागे एक छापील नोटीस होती. वरचा भाग फाटलेला. उरलेला मजकूर असा: 'पार्किंगमधील बेवारस सायकलि आठ दिवसांत न हलवल्यास भंगारात देण्यात येतील.' पुण्यात अशा नोटिशा शेकडो सोसायट्यांत लागतात. ही नेमकी कुठली?

ओळख पटवण्यासाठी आजोबांना बोलावलंच होतं. ते आले, चष्मा पुसला, कागद हातात घेतला आणि एका नजरेत म्हणाले, "ही आमची."

"कशावरून? वरचं नाव तर फाटलंय."

"सायकलीला पहिली वेलांटी आहे. मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होतो साहेब. ही नोटीस लागली त्याच दिवशी अध्यक्षांना चूक दाखवली. ते म्हणाले, आजोबा, अर्थ कळतोय ना? म्हटलं, अर्थ कळतोय, पण लाज वाटते. आणि शेजारीच लिहून ठेवलं की या दोन सायकली बेवारस नाहीत, त्यांचा वारस वरच्या मजल्यावर राहतो. भंगार उचललं तेव्हा या दोन वगळल्या, असं अध्यक्ष म्हणाले, म्हणून तर चोरीची तक्रार दिली."

शोधायला आता फार लांब जायचं नव्हतं. अध्यक्षांना विचारलं, तर नोटिशीची प्रत सोसायटीनं एकाच माणसाला दिली होती, भंगार उचलणाऱ्या ठेकेदाराला. तासाभरात तपास पथक त्याला घेऊन आलं. पांढरा शर्ट, गंध, अतिशय नम्र बोलणं. जोडप्यानं त्याला लगेच ओळखलं. त्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू आयुष्यात पहिल्यांदाच भेट होत होती.

"साहेब, मी गरीब माणूस. सोसायटीनं चौदा सायकली उचलायला सांगितल्या, मी उचलल्या आणि भंगारात घातल्या. ही बघा वजनाची पावती." पावती तयारच होती. अशी माणसं कागदाला कमी पडत नाहीत.

मी पावती वाचली. नव्वद किलो लोखंड. मी नारायण पेठेतल्या कारागिराला फोन लावला आणि विचारलं, "साधी सायकल किती वजनाची असते हो?"

"अठरा-वीस किलो धरा."

ठेकेदार ऐकत होता. मी पावती त्याच्याकडे सरकवली आणि म्हटलं, "चौदा सायकली नव्वद किलोत बसवून दाखवा. मी तुम्हाला आत्ता सोडतो."

त्यानं पावतीची घडी घातली. मग पाणी मागितलं. पाणी प्यायल्यावर म्हणाला, "गोडाऊन धायरीला आहे."

गोडाऊनमध्ये दहा-बारा चांगल्या सायकली मिळाल्या, निरनिराळ्या सोसायट्यांतून उचललेल्या. खऱ्या बेवारस सायकली भंगारात घालायच्या आणि त्यांच्या आडून चांगल्या बाजूला काढून विकायच्या, असा त्याचा धंदा. त्याचा बचाव मात्र ऐकण्यासारखा होता. "साहेब, सगळ्या धूळ खात पडल्या होत्या. मी त्यांना चालवणारी माणसं मिळवून दिली." मालकांना फोन केले तर निम्म्या जणांना आपली सायकल गेल्याचा पत्ताच नव्हता. एक गृहस्थ म्हणाले, "थांबा, खाली जाऊन बघतो."

गुन्हा उघडकीला आला, आरोपी अटकेत गेला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. पण न्यायालयाच्या आदेशानं सायकली परत करायचा दिवस आला, तेव्हा मला बरं वाटत नव्हतं. जोडप्याचे पैसे खटल्याच्या निकालापर्यंत अडकणार होते. आजोबा आता मन मोठं करतील, अशी ठाण्यातल्या सगळ्यांनाच आशा. हवालदारानं तर त्यांना दोनदा चहा दिला.

आजोबा म्हणाले, "चहा चांगला आहे. पण सायकली माझ्या मुलाच्या आहेत. तो येतो तेव्हा चालवतो. मी कशा देऊ?" त्यांचं बरोबरच होतं.

ते जोडपंही आलं होतं. ती पुढे होऊन म्हणाली, "आजोबा, टायर आम्ही नवे घातलेत. ते असू द्या. चेनला पंधरा दिवसांनी तेल द्या फक्त."

आजोबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्यासारखी माणसं चोराला गिऱ्हाईक म्हणून मिळावीत, याचं वाईट वाटतं," एवढंच बोलून त्यांनी सुपूर्दनाम्यावर सही केली. सहीआधी सगळा मजकूर वाचला आणि दोन चुका काढल्या.

दिवाळीनंतर एका शनिवारी तिचा फोन आला. बोनस मिळाला होता, नव्या सायकली घ्यायच्या होत्या. "सर, तुम्ही सोबत असलात तर दुकानदार भाव नीट सांगेल." मी साध्या कपड्यांत गेलो. कारागीरही आला होता. आपल्या फोनमुळे यांच्या सायकली गेल्या, हे त्याला लागून राहिलं होतं. दुकानदारानं माझ्याकडे पाहून काडीचीही सूट दिली नाही. कारागिरानं मात्र त्यांचे बरेच पैसे वाचवले. चकचकीत सायकलींकडे त्यानं दोघांना जाऊच दिलं नाही.

"पहिली सायकल आहे. कार्बन-बिर्बन विसरा. साधी ॲल्युमिनियमची घ्या, गेल्या वर्षीचं मॉडेल चालेल. ब्रेक चांगले बघा आणि माप बरोबर घ्या. बाकी सगळं नंतर बदलता येतं, माप नाही."

त्यानं भिंतीशी उभं करून दोघांच्या पायांची लांबी मोजली. नवऱ्यानं तो आकडा आपल्या तक्त्यात लिहिला. तिच्यासाठी सगळ्यात लहान मापाची सायकल काढली. दुकानासमोरच्या गल्लीत ती एक फेरी मारून आली आणि पाय टेकवून हँडलवरच्या आपल्या हातांकडे बघू लागली.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही. ती सायकल मला मोठी होती. हात भरून यायचे. मला वाटायचं, मलाच जमत नाहीये."

मग तिनं बिल मागून घेतलं, गुडघ्यावर बसली आणि सायकलीखाली कोरलेला नंबर बिलावरच्या नंबराशी एकेक आकडा वाचून ताडून पाहिला. दोन्ही सायकलींचा. दुकानदार वैतागला. "मॅडम, नवीन आहे, चोरीची नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि वाचत राहिली.

पुढच्याच रविवारी दोघं घाट चढून गेले. ती आधी पोहोचली आणि वर चहा घेऊन त्याची वाट बघत बसली, असं तिनं सांगितलं. तो म्हणतो, दोघं बरोबरच पोहोचलो. जबाब अजूनही जुळत नाहीत.

या केसनं मला काय शिकवलं? स्वस्तात वस्तू शोधणं गैर नाही, पगारदार माणूस दुसरं काय करणार? पण मनात आलेल्या प्रश्नाचं उत्तर नकोसं वाटायला लागलं की फसवणारा तिथंच पाय रोवतो. त्या मुलीनं हे कबूल तरी केलं. मी चौकशीच्या दिवशी तिच्या नवऱ्याला उभं ठेवलं, तेव्हा मलाही मी आधीच ठरवलेलं उत्तरच हवं होतं. इतक्या वर्षांच्या अनुभवानं मला दिलेली ती खोड होती. नव्या सायकली घेतल्या त्या दिवशी, दुकानाबाहेर, मी त्याची माफी मागितली. तो इतका गोंधळला की मलाच "सॉरी सर" म्हणाला. नोकरीचे जे काही महिने उरले होते, त्यांत चौकशीला आलेल्या प्रत्येक माणसाला मी आधी खुर्ची दिली आणि मग प्रश्न विचारला.