मैनाबाईच्या तोंडी घातलेला शब्द

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत नाही, ऑफिसात सांगायचा तर प्रश्नच नाही. एकदा नागभीडला चुलतभावाकडे जेवायला बसलो असताना अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यानं वांग्याची भाजी वाढली आणि मी भाजीचं कौतुक करून मोकळा झालो. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतो आहे. यात धाडस वगैरे काही नाही — ते आधीच समजून घ्या.

माझं काम गावांचे आराखडे करायचं. गावात कुठे काय आहे, कोणती जमीन लोक कशासाठी वापरतात, पुढे कुठे काय व्हावं, याचा अभ्यास करायचा आणि अहवाल लिहायचा. हे काम सरकार बाहेरच्या संस्थांना देतं. तशा नागपूरच्या एका संस्थेत मी कित्येक वर्षं आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडची गावं हटकून माझ्या वाट्याला यायची, कारण मी तिकडचाच. आमच्याकडे पुण्याहून आलेली शिकलेली मंडळी गावकऱ्यांना विचारायची, ‘आपण या जागेचा विनियोग कसा करता?’ लोक एकमेकांकडे बघून हसायचे. मी मात्र ओट्यावर मांडी घालून ‘काऊन भाऊ, कुठी चाल्ले?’ म्हटलं की घरातून चहा यायचा आणि लोक बोलायला लागायचे. याचा मला केवढा गर्व! साहेबसुद्धा म्हणायचे, हा माणूस गावात साखर पेरतो. पेरली खरी. काय उगवलं ते सांगतो.

ज्या गावात हे घडलं ते गडचिरोलीपासून बसनं तासाभरावर. पन्नासेक घरं, बहुतेक गोंडांची, थोडी धान पिकवणाऱ्या इतर शेतकऱ्यांची. गावाबाहेर डांबरी रस्त्याला लागून एक लांबट तुकडा होता. कागदावर सरकारी जमीन, आणि जमिनीवर मोहाची जुनी झाडं. सामूहिक वनहक्काच्या नकाशात तो आलेला नव्हता, कारण कागदावर ते जंगलच नव्हतं. शेतीही नव्हती. म्हणजे कागदाच्या हिशेबानं तिथे काहीच नव्हतं.

पहिल्या दिवशी आम्ही गावाचा नकाशा काढायला लावला. ही आमची ठरलेली पद्धत — शाळेसमोरचं अंगण झाडायचं, रांगोळी आणि खडे लोकांच्या हाती द्यायचे आणि म्हणायचं, काढा तुमचं गाव. पुरुष मंडळी हात मागे बांधून उभी राहिली. पुढे आली ती मैनाबाई. चाळिशीतली बाई, आवाज खणखणीत, ग्रामसभेत सरपंचालाही दोन प्रश्न विचारणारी. घरी गोंडी बोलायची, माझ्याशी आमच्या झाडीची बोली. तिनं नदी काढली, बोडी म्हणजे गावचं छोटं तळं काढलं, घरं काढली. मग रस्त्याकडेच्या त्या तुकड्यात एकेक खडा ठेवत गेली. प्रत्येक खडा म्हणजे एक मोहाचं झाड, आणि प्रत्येक झाड म्हणजे एक घर. हा अमक्याचा मोहा, हा त्याच्या भावाचा, हा त्या विधवा बाईचा, तिच्या फुलाले दुसरा कोनी हात लावत नाई. खडे ठेवता ठेवता ती नावं सांगत होती आणि मी वहीत लिहून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी ती मला तिथे घेऊनही गेली. पावसाळ्याचे दिवस, झाडांखाली नुसतं गवत. फुलं वेचायच्या दिवसांत खालचा पाचोळा कसा जाळून जमीन लख्ख करतात, पहाटे कोण कुठे बसतं, तिच्या सासूनं कोणत्या झाडाखाली बसून तिला फुलं वाळवायला शिकवलं — सगळं सांगितलं. मी ऐकलं. लिहिलं. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर मी स्वतःलाच पटवायचा पुष्कळ प्रयत्न केला, की आपल्याला नीट कळलंच नव्हतं. खोटं आहे ते. मला सगळं कळलं होतं.

मग काय झालं?

आमचे साहेब, म्हणजे प्रकल्पप्रमुख, फोनवर म्हणाले, तालुक्याच्या धानाच्या गोदामाला रस्त्यालगत जागा हवी आहे, तो तुकडा मोकळा निघाला तर बरं होईल. बस, एवढंच. खोटं लिही असं कोणी म्हटलं नाही, धमकी नाही, आमिष नाही. ‘निघाला तर बरं’ — या तीन शब्दांवर मी पुढचं सगळं आपल्या बुद्धीनं केलं. पुढच्या कामाच्या तुकडीचा प्रमुख कोण होणार हे तेव्हा ठरायचं होतं, आणि माझा जीव त्यात अडकला होता. पण त्याला कारण म्हणून पुढे करावं, तर तेही फार छोटं आहे.

अडचण एकच होती. जागा मोकळी आहे असं गावानं ग्रामसभेत म्हणायला हवं होतं. गाव तसं कशाला म्हणेल? ‘ही जागा तुमच्या वापरात नाही ना?’ असं सरळ विचारलं असतं तर मैनाबाईनं मला तिथेच उभं सोललं असतं.

इथे माझी बोली कामाला आली.

आमच्याकडे ‘पडीत’ हा साधा शब्द आहे. ज्या जमिनीला नांगर लावत नाहीत ती पडीत. माझी आई म्हणायची, यंदा खालची बांधी, म्हणजे धानाचं वावर, पडीत ठेवली. म्हणजे टाकून दिली का? नाही. विसावा दिला. तिथे गुरं चरायची, आम्ही पोरं भाजी खुडायचो, शेण वेचायचो. पडीत म्हणजे नांगरली नाही, एवढंच. पण सरकारी कागदात तो शब्द गेला की त्याचा ‘पडीक’ होतो — कुणाच्या उपयोगाची नाही अशी जमीन. एका अक्षराचा फरक. आमच्या साहेबांना तो माहीत नव्हता, पुण्याच्या मंडळींना माहीत असायचं कारण नव्हतं. त्या सबंध ग्रामसभेत दोन्ही अर्थ माहीत असलेला एकच माणूस होता. मी.

शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. पाणी, रस्ता, स्मशानशेड सगळं झालं. मग मी अगदी घरच्यासारखं, हसत हसत विचारलं, “तो रस्त्याकडचा तुकडा, मैनाबाई — तिथी कोनी नांगर धरते का? पडीतच आहे न तो?”

“पडीतच आहे,” ती म्हणाली. “तिथी कोन कायले नांगर धरन? मोह्याच्या मुया आहेत नं.”

मुळ्यांत नांगर घालायच्या कल्पनेनं दोन-चार जण हसले. मीही हसलो. ग्रामसेवक लिहीत होते, त्यांना मी मजकूर सांगितला. सदर जमीन पडीक असून ग्रामस्थांच्या कोणत्याही वापरात नाही. आणि पुढे — हे माझ्या डोक्यातून निघालेलं, कोणी सुचवलेलं नाही — ‘असे ग्रामस्थ श्रीमती मैनाबाई यांनी सभेत सांगितले.’ का घातलं तिचं नाव? कारण बाईचं नाव आलं की अहवालात महिलांचा सहभाग दिसतो. त्यासाठी वेगळा रकाना असतो. मोहाच्या झाडांना नव्हता.

मजकूर वाचून दाखवायचा असतो. मी वाचला — भरभर, गुळगुळीत सरकारी मराठीत, जी तिथे कोणालाच धड कळत नव्हती. मग मैनाबाईनं शाईत अंगठा बुडवून कागदावर टेकवला आणि पदराला पुसला.

अहवाल छान झाला. मुखपृष्ठावर तिचा फोटो — म्हणजे तिच्या हातांचा, रांगोळीच्या नकाशावर खडे मांडताना. आत त्या तुकड्यापुढे दोन ओळी. झाडांची, घरांची, त्या विधवा बाईची नावं माझ्या वहीतच राहिली. साहेबांनी बैठकीत तो फोटो सगळ्यांना दाखवला. लोकांचा खरा सहभाग म्हणतात तो हा, म्हणाले. टाळ्या झाल्या. मी तुकडीचा प्रमुख झालो.

दीड-दोन वर्षांनी तारेचं कुंपण आलं. मग झाडं तोडणारे आले. गाव पंचायतीत धावलं, तेव्हा त्यांना तो कागद दाखवण्यात आला, आणि कागदात नाव कोणाचं? आमच्या संस्थेला बोलावणं आलं, लोकांची समजूत काढायला माणूस पाठवा. गावाचा भरवसा कोणावर? माझ्यावर. मीच गेलो.

त्या दिवशी मला काय दिसलं ते सांगतो. मैनाबाई उभी आणि तिच्याभोवती तिचंच गाव. ती विधवा बाई रडत रडत तिला म्हणत होती, “तुनंच म्हनलं पडीत. तुले कोनं सांगतलं होतं तोंड उघडाले?” एक म्हातारा गोंडीत काहीतरी बोलला, मला शब्द कळले नाहीत, पण मैनाबाईची मान खाली गेली. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती — नांगर नाई धरत असं मी म्हनलं, नांगर नाई धरत असं. तो कागद कोणाच्या तोंडून उतरला, हे सांगू शकणारा माणूस तिच्यापासून चार हातांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. माझ्या हातात चहाचा कप होता. एक वाक्य पुरलं असतं — शब्द तिचा होता, अर्थ मी घातला. इतकंच. झाडं परत आली नसती कदाचित. पण गावात ती ताठ मानेनं चालली असती.

मी चहा प्यायलो. नंतर उठून, गोदामामुळे गावाला काम मिळेल, यावर पाच-सहा वाक्यं बोललो. लोकांनी ऐकून घेतली. माझ्यावर कोणी चिडलं नाही. उलट निघताना सरपंच म्हणाले, साहेब, तुम्ही आपले आहात, तुमचा काय दोष.

इथवर सांगितलं ते वाईट आहे, पण मी लपवत होतो ते हे नाही. हे मी स्वतःशी तरी कबूल केलेलं होतं. खरं ते यानंतरचं.

गेल्या वर्षी गडचिरोलीच्या बसस्थानकावर ती मला भेटली. दवाखान्यातून नवऱ्याला बघून परतत होती. मी तिला आधी ओळखलं, आणि ओळखल्याबरोबर पेपर तोंडासमोर धरला. तरी तिनं हाक मारलीच — “भाऊ!” वाळली होती. शेजारी येऊन बसली, माझी, मुलांची विचारपूस केली. ग्रामसभेला आता जात नाही म्हणाली. बाया बोलावतात, पण ती जात नाही. कोणी काही विचारलं तर नवऱ्याकडे बोट दाखवते. पुन्हा चुकीचं काही बोलून बसू, अशी भीती वाटते. हे सगळं ती अगदी सहज सांगत होती, आणि मी बसच्या पाटीकडे बघत होतो.

मग तिनं विचारलं, “भाऊ, तुमी शिकलेले आहा. मले एक सांगा. त्या दिवशी मी कोनता शब्द बोलाले पाह्यजे होता?”

कित्येक दिवस तिनं तो प्रश्न मनात धरून ठेवला असावा. सांगू शकेल असा एकच माणूस तिच्या ओळखीचा होता. तिच्या आवाजात राग नव्हता, संशय तर अजिबात नव्हता. तिला खरंच तो शब्द हवा होता.

तुम्ही काय म्हणाला असतात? निदान गप्प राहिला असतात. गप्प राहणं मला येतं, ते मी करून दाखवलं होतं. पण त्या दिवशी मी गप्पही राहिलो नाही. चेहरा गंभीर केला, घरच्या माणसासारखा, आणि तिच्याच बोलीत म्हणालो, “बाई, सभेत जरा इचार करून बोलाव लागते.”

हो. हे मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. “बरोबर आहे तुमचं,” म्हणाली. मग तिची बस लागली. पिशवी सावरत ती चढली आणि खिडकीतून मला हात केला. मीही केला.

हे मी लिहून काढलं आहे. मोठ्यानं कोणाला वाचून दाखवणार नाही. मैनाबाईला वाचता येत नाही, हे मला पहिल्यापासून माहीत आहे.